मूठ वळून दाखव

मागे एकदा याच पानावर मी सहज लिहून गेले होते की मराठी कथेतल्या नायकाला गोळी लागायची असेल तर ती डाव्या खांद्यालाच लागते, आणि पुढच्या प्रकरणात तो त्याच हाताने नायिकेला सावरतो. त्यावर लिहिणाऱ्या मंडळींची एवढी पत्रं आली की संपादकांनी या वेळची सगळी जागा त्यांनाच देऊन टाकली. पत्रं आली आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत, उत्तरं लिहितेय पागोळ्यांचा आवाज ऐकत. उशीर झाला खरा, पण तेवढ्यात कुणाचा नायक दगावला नसेल अशी आशा आहे.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी कथा लिहीत नाही, वाचते. सिंधुदुर्गात तीन तालुके फिरून ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून काढली. सकाळी ओपीडी, दुपारी पोलिसांनी आणलेल्यांचे जखमांचे दाखले आणि नशीब वाईट असेल त्या दिवशी पोस्टमॉर्टेम. तेही दिवस मावळायच्या आत, जांभ्या दगडाच्या एका खोलीत. वीज गेली की टेबल खिडकीपाशी ओढायचं. आता आचऱ्याला घरी असते. रात्री कथा वाचताना उशाशी लाल पेन्सिल असते, ही सवय काही गेली नाही.

प्रश्न : माझ्या कादंबरीत रानडुकराच्या शिकारीचं निमित्त करून नायकावर ठासणीची बंदूक झाडली जाते. गोळी खांद्याला लागते. त्याच रात्री तो जखमी मित्राला पाठीवर घेऊन घाटी चढतो. हे पटेल का? (रत्नागिरी)

नाही पटणार. आधी तुमचा उजवा हात डाव्या हासळीवर ठेवा, म्हणजे गळ्याखालच्या त्या आडव्या हाडावर. गळ्याच्या बाजूला हासळीच्या वर जो खळगा लागतो, त्याच्याखाली फुप्फुसाचं टोक आहे. बहुतेकांना वाटतं फुप्फुस छातीत, खांदा वेगळा. ते टोक हासळीच्याही इंचभर वर येतं. तिथे छर्रा गेला तर हवा छातीत भरते, फुप्फुस आक्रसतं आणि माणूस अर्धं वाक्य बोलून थांबतो. हासळीच्या मागून पेन्सिलीएवढी जाड रोहिणी हाताकडे जाते. ती फुटली तर वरून दाबायचीही सोय नाही, हाड आडवं येतं. तिच्याबरोबर हात चालवणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा जातो. खांदा ही लेखकांना मोकळी वाटणारी जागा आहे. आतमध्ये तिथे गर्दी आहे.

शिवाय ठासणीच्या बंदुकीत गोळी नसते, छर्रे असतात. अगदी जवळून झाडली तर एकच मोठं फाटकं भोक, कडेला काजळी, आत सदऱ्याच्या चिंध्या गेलेल्या. बंदुकीच्या जळक्या दारूचा वास आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत दुसऱ्या दिवशीही राहायचा. लांबून झाडली तर पाठ चाळणीसारखी होते. तुम्ही अंतर लिहिलेलंच नाही. अंतर ठरवा, जखम आपोआप ठरेल.

नायक चालता हवाच असेल तर लांबून झाडलेले चार छर्रे दंडाच्या बाहेरच्या बाजूला मांसात बसू द्या. मित्राला पाठीवर घेणं विसरा, तो खांद्याला धरून लंगडत येईल. आणि पुढचे पंधरा-वीस दिवस नायकाला एका हाताने सदऱ्याची बटणं लावू द्या. हो, आणखी एक. चिमट्याने गोळी काढून ताटलीत टण्णकन टाकली की माणूस बरा होतो, हा पडद्यावरचा इलाज आहे. पुष्कळदा आम्ही छर्रे आतच ठेवतो. सांध्यात किंवा नाजूक जागी नसेल तर ते शोधताना जास्त नुकसान होतं. वीस वर्षांपूर्वीचे छर्रे एक्सरेत चांदण्यांसारखे दिसतात आणि म्हातारा म्हणतो, ‘ते ऱ्हवांदेत.’

प्रश्न : चोर सुनेच्या डोक्यात वरवंटा घालतो. ती दोन तास बेशुद्ध पडते, मग उठून पाणी पिते आणि त्याचा माग काढते. दोन तास जास्त होतात का? (चिपळूण)

फारच जास्त. डोक्याला मार बसून शुद्ध हरपली तर साधारण काही सेकंद, फार तर काही मिनिटं. अर्ध्या तासाच्या पुढे गेली की आमच्या भाषेत तो किरकोळ मार राहत नाही. दोन तासांनी तुमची सून पाणी पिणार नाही, ॲम्ब्युलन्समध्ये असेल. आमच्याकडचे असे पेशंट गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नाहीतर कोल्हापूरला जायचे.

बरं, पाच मिनिटांत उठवलीत, तरी ती ताजीतवानी उठत नाही. तिला उलटी होते. उजेड सोसत नाही. ‘मी इथे कशी आले?’ विचारते, उत्तर ऐकते आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरवंटा पडायच्या आधीची काही मिनिटं तिच्या डोक्यातून पुसली गेलेली असू शकतात. तिने चोराचा चेहरा पाहिला होता, पण तो तिला आठवणार नाही. तुमची कथा इथे अडते असं समजू नका. मला तर वाटतं ती इथेच सुरू होते.

याहून भयंकर गोष्ट शांतपणे घडते. कानशिलाचं हाड कवटीत सगळ्यात पातळ, आणि त्याच्या आतल्या अंगाने एक रोहिणी जाते. तिथे मार बसून ती फुटली तर हाड आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जातं. माणूस मात्र उठतो, बोलतो, चहा पितो. ६० फुटी माडावरून सुटलेला नारळ खाली येईस्तोवर, हवेचा अडथळा सोडला तर, ताशी ७० किलोमीटरच्या घरात वेग घेतो. असा एक नारळ कानशिलाला चाटून गेलेला गृहस्थ स्वतःच्या पायांनी ओपीडीत आला होता. मी टाके घालत होते तर म्हणतो, ‘आदी नारळ फुटलो काय ता बघा, बाय.’ सगळे हसले. मी त्याला घरी सोडलं नाही, एवढंच माझं शहाणपण. दुपारी चारला त्याची बायको नर्सला म्हणाली, हे एवढे कधी घोरत नाहीत. जाऊन पापण्या उघडल्या. एक बुबुळ नेहमीसारखं, दुसऱ्याची काळी बाहुली मोठी झालेली, बॅटरीच्या उजेडातही आकसत नव्हती.

वाचला तो. पण लेखकाला हवेत ते मधले चार तास, ज्यात त्याने बायकोला घरच्या म्हशीचं दूध किती झालं ते विचारलं.

प्रश्न : माझ्या कथेत बांधावरून दोन चुलत भावांची कोयत्यांनी मारामारी होते. तीन पानं चालते, दोघांना सात-आठ वार बसतात. रक्त किती दाखवू? (अलिबाग)

तीन पानांत पहिलं पानसुद्धा भरणार नाही. जीव तोडून मारामारी करणारा माणूस अर्ध्या-एक मिनिटात धापा टाकायला लागतो. संवाद वाराच्या आधी घ्या. वारानंतर कुणालाच दम नसतो.

कोयता म्हणजे सुरी नव्हे. माडाच्या झावळा तोडायचं जड, पुढे वाकलेलं हत्यार ते. त्याने भोसकत नाहीत, तोडतात. डोक्यावर कोयता येताना माणूस विचार करून हात वर करत नाही, हात आपोआप वर जातो. म्हणून पहिला वार बहुतेक वेळा कोपर ते मनगट या भागात, करंगळीच्या बाजूच्या हाडावर मिळतो. पातं धरायला गेला तर तळहातावर आणि बोटांच्या आतल्या बाजूला. दाखला लिहिताना आम्ही हेच आधी बघायचो. हात कोरे असतील तर माणूस झोपेत होता, बांधलेला होता, बेसावध होता किंवा मागून वार झाला. तुमच्या आठ वारांत हाताचा एकही नाही. म्हणजे तुमच्या भावाला मारलं तेव्हा तो उभा राहून बघत होता.

माझ्याकडे असाच एक बांधावरचा भांडणवाला आला होता. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर जाणारा, तीसेक वर्षांचा. हाताला टॉवेल गुंडाळलेला, रक्त थांबलेलं. ‘दोन टाके घाला नि सोडा, बाय.’ टॉवेल सोडला. तळहातावर अनामिकेच्या मुळाशी एक स्वच्छ चीर, जेमतेम दीड इंच. बघणाऱ्याला वाटावं, काहीच नाही. मी म्हटलं, मूठ वळून दाखव. त्याने वळली. अंगठा आला, तर्जनी आली, मधलं आलं, करंगळी आली. अनामिका सरळच राहिली, कुणाला काही दाखवत असल्यासारखी. तो तिच्याकडे बघत राहिला. मग दुसऱ्या हाताने तिला दुमडली. सोडली, की पुन्हा सरळ.

बोट वाकवणारे दोर तुटले होते. पायजम्याची नाडी सुटून आत गेली की कशी शोधावी लागते, तसं त्या दोराचं टोक मागे सरकून तळहातात जातं. ते शोधून जोडायला शहरातला सर्जन लागतो. नंतर कित्येक आठवडे फळी, मग व्यायाम. रापणीचा दोर ओढायला त्याला चार महिने लागले आणि तरी ते बोट शेवटपर्यंत पुरतं मिटलं नाही. पण तो मला नंतर काय सांगत होता? मधे घरात श्राद्ध झालं, पंगतीत डाव्या हाताने जेवावं लागलं, सगळे बघत होते. बांधाबद्दल अवाक्षर नाही.

तुमच्या कथेत कुणाला वार बसला की थोडं थांबा आणि त्याला मूठ वळायला सांगा. किंवा उभं राहायला, गिळायला, खिशातून किल्ली काढायला. जे जमत नाही ते लिहा. जखमेची लांबी-रुंदी पोलिसांसाठी ठेवा.

आता रक्त. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर. रक्तदानाची पिशवी ३५० मिलिलिटरची असते. अशी एक पिशवी एकदा आमच्या वॉर्डात पांढऱ्या फरशीवर पडून फुटली. आवाज ऐकून धावत आलेला शिपाई दारातच मटकन बसला, त्याला वाटलं कुणाचा तरी मुडदा पडला. म्हणजे ‘रक्ताचं थारोळं’ एवढ्यातच होतं, आणि तेवढं रक्त देऊन माणूस बिस्किट-चहा घेऊन घरी जातो. पाऊण लिटरपर्यंत गेलं तरी धडधाकट माणसात वरून फारसं काही दिसत नाही. दीड लिटरच्या पुढे रक्तदाब उतरतो. हातपाय गार, घाम चिकट, ओठ पांढरे, आणि तहान. ‘पाणी, पाणी’ हे मरणाऱ्याचं वाक्य लेखकांनी नुसतं कल्पनेतून काढलेलं नाही. त्याच्या जोडीला अस्वस्थपणाही येतो. तो शांत पडून राहत नाही, चादर ओढतो, उठायला बघतो, बिनकामाचं काहीतरी बोलतो. दोन लिटर गेलं की मग मात्र घड्याळ बघायची पाळी.

जाता जाता शब्दांबद्दल. काठीने ‘चिरत’ नाहीत. काठीने, दगडाने कातडी फाटते. कडा ठेचलेल्या असतात, आत धागे लोंबतात. डोक्याची कातडी खालच्या हाडावर ताणलेली असल्यामुळे काठीनेही सुरीसारखी सरळ फाटते, आणि नवखा डॉक्टरही फसतो. मी भिंगाने केस बघायचे. सुरीने केस कापले जातात, काठीने चेंगरतात. तुमच्या कथेतला इन्स्पेक्टर हुशार दाखवायचा असेल तर त्याला हे भिंग घ्या, फुकट.

प्रश्न : नायक माडीवरून खाली खळ्यात उडी मारतो आणि पळत सुटतो. माडी साधारण १२ फूट. चालेल ना? (देवगड)

खळं शेणाने सारवलेलं असलं तरी खाली जमीन जांभ्याची आहे हे लक्षात ठेवा. टाचांवर उतरला तर टाचेचं हाड फुटतं, आणि टाच फुटलेला माणूस पळत नाही, रांगतो. आम्हाला शिकवलं होतं की उंचावरून पडून टाच मोडली असेल तर पेशंटची कंबर तपासल्याशिवाय सोडू नका. धक्का टाचेतून गुडघा, खुबा करत मणक्यापर्यंत जातो आणि जिथे बरगड्यांचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथे मोडतो. पंजांवर उतरून गडगडत गेला तर नशिबाने निभावेल. तरुण असेल, चपळ असेल तर तसं लिहा. बाकी पळवू नका.

देवगडचे आहात म्हणून सांगते. आंबे काढायचा झेला घेऊन कलमावर चढलेला एक गडी फांदी मोडून खाली आला. चौघांनी खाटेवर घालून आणला. अंगावर एक ओरखडा नाही. छातीत दुखत नाही, पोटात दुखत नाही. मी चादर सारखी करत होते, तर छताकडे बघत विचारतो, ‘बाय, माजे पाय खंय ठेवलात?’

याच्यापुढे मला काही लिहायचं नाही.

प्रश्न : खलनायक अंथरुणात साप सोडतो. दंश होताच काका निळे पडतात, तोंडाला फेस येतो आणि जागीच मरतात. कोणता साप दाखवू? (राजापूर)

असा साप कोकणात नाही. असलाच तर स्टुडिओत असेल.

आपल्या भागात सगळ्यात जास्त त्रास फुरशाचा. जेमतेम हात-दीड हात लांब, जांभ्याच्या चिऱ्यांखाली बसतं. अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखी करकर करतं. ते चावलं की आग होते, सूज चढते, आणि चावलेल्या जागेतून रक्त झिरपत राहतं. त्याच्या विषाने रक्त गोठायची ताकदच जाते. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त. हे तासांचं, कधी दिवसांचं काम आहे. याला साधी परीक्षा असते. पेशंटचं थोडं रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं हलवायचं नाही. नातेवाईक त्या नळीकडे बघत उभे, कुणी बोलत नाही, पंख्याचा आवाज. विसाव्या मिनिटाला नळी तिरकी करायची. रक्त खरवसासारखं धरून राहिलं तर हुश्श. पाण्यासारखं वाहिलं तर सीरमची बाटली लावायची. तुम्हाला भीती दाखवायची आहे ना? या वीस मिनिटांत जेवढी आहे तेवढी फण्यात नाही.

मण्यार वेगळी. रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस उठतो. घरचे ओवा देतात. मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, आवाज गेंगाणा होतो, थुंकी गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. हातपाय हलत नाहीत, डोळे उघडत नाहीत, पण काकांना सगळं ऐकू येत असतं. पुतण्या उशाशी बसून काय बोलतो तेसुद्धा. आणि वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर हे काका काही दिवसांनी उठून बसतात. बघा, खलनायकाचं काय करायचं ते.

फेस हवाच असेल तर लाल विंचू घ्या. दरदरून घाम, हातपाय बर्फ, छातीत घरघर आणि तोंडातून गुलाबी फेस, कारण फुप्फुसात पाणी भरतं. यात मुलं जायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला, तो १९८० च्या दशकात. म्हणून कथेचं साल ठरवताना जपा. १९७० सालच्या कथेतला मुलगा आणि १९९५ सालच्या कथेतला मुलगा यांचं नशीब एका गोळीने बदललेलं आहे.

तीन छोटी उत्तरं

कुडाळच्या वाचकाला : मारामारीत दात पडला तर पोलीस ‘किरकोळ’ म्हणून सोडून देणार नाहीत. हाड किंवा दात मोडणं, निखळणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. तुमची कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११६, आधीची असेल तर जुन्या दंड संहितेचं ३२०. जुन्यात २० दिवस तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार बंद पडणं लागे, नव्यात १५ दिवस पुरतात. तुमच्या वकिलाच्या तोंडी चुकीचं कलम आहे, बदला.

दापोलीच्या वाचक भगिनींना : बुडणारा सहसा ‘वाचवा’ म्हणत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा की ओरडायचं? हातही वर करून हलवत नाही, पाणी खाली दाबत राहतो. किनाऱ्यावरच्यांना वाटतं खेळतोय.

गुहागरच्या वाचकाला : प्रेत ताठ झालंय यावरून डॉक्टरने ‘खून ११ वाजून १० मिनिटांनी’ सांगू नये. ताठरपणा एक-दोन तासांत पापण्या आणि जबड्यापासून सुरू होतो, साधारण बारा तासांत सगळ्या अंगात भरतो, आणि आपल्या उकाड्यात लवकर उतरतो. ‘काल संध्याकाळ ते मध्यरात्र’ एवढंच त्याच्याकडून वदवा. तो चिडचिडा दाखवलात तर आणखी खरा वाटेल.

प्रश्न : माझ्या कथेत नवरा बायकोला मारतो, पण ती कुणाला सांगत नाही. मारहाणीचा एकही प्रसंग मला लिहायचा नाही. तरी त्याची दहशत कशी दाखवू? आणि डॉक्टरला हे कळतं का? (वेंगुर्ला)

सगळ्या पत्रांत मला हे आवडलं.

कळतं. घसरून पडलेला माणूस टेकतो कुठे? गुडघा, कोपर, तळहात, कपाळ, हनुवटी, जिथे हाड पुढे आहे तिथे. दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळच्या मऊ भागात कुणी पडून लागत नाही. तिथे तीन-चार निळे ठिपके ओळीने आणि समोरच्या बाजूला एक मोठा असेल तर ती बोटं आणि अंगठा आहे. कानामागे, मानेवर, मांडीच्या आत, तेही तसंच. शिवाय रंग. ताजा वळ लालसर, मग निळा-काळा, मग हिरवट, मग पिवळा. रंगावरून नेमका दिवस सांगता येत नाही, पण ‘काल न्हाणीत पडले’ म्हणणाऱ्या बाईच्या अंगावर निळा आणि पिवळा शेजारी शेजारी असतील तर ती दोनदा पडली आहे. आणि काचेच्या बांगड्या. मनगट जोरात धरलं की त्या फुटून मनगटाभोवती बारीक चिरांचं कडंच उमटतं. अशी काच मी किती वेळा काढली, मोजलं नाही.

दहशतीबद्दल म्हणाल तर आपल्या भाषेने अर्धं काम करून ठेवलंय. तोंडचं पाणी पळणं, हे अलंकारिक नाही. भीतीने लाळ खरोखर आटते, जीभ टाळ्याला चिकटते. पोटात गोळा येतो, कारण पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेले इवलेसे स्नायू आखडतात म्हणून. बोबडी वळते, कापरं भरतं, हातपाय गार पडतात. फक्त हे वाक्प्रचार घासून गुळगुळीत झालेत. म्हणून वाक्प्रचार गाळा आणि त्यातली क्रिया ठेवा. ‘तिच्या तोंडचं पाणी पळालं’ लिहू नका. तिला पोळीचा घास गिळता येत नाही, ते लिहा. आणि धमकी देणाऱ्याला ओरडायला लावू नका. ज्याची भीती मुरलेली आहे त्याला आवाज चढवावा लागत नाही.

एक जोडपं आठवतं. गाव सांगत नाही. तो नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट, मला नमस्कार करून बसला. म्हणजे बसला नाही, तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, हात खुर्चीच्या पाठीवर. मी तिला विचारलं, कशाने लागलं? तो म्हणाला, ‘न्हाणीत घसरली.’ त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी तिची मान हलली होती. मी मनगटातली काच काढत होते. हात बर्फासारखा. चिमटा लागला तरी ती हात मागे घेत नव्हती, ज्या हाताला दुखत होतं तो जणू तिचा नव्हता. तो हसून म्हणाला, ‘हिचं लक्षच नसतं कुठे.’ तेवढंच. त्याच्या बोटांनी खुर्चीच्या पाठीवर एकदा टकटक केलं आणि तिचे खांदे कानांपाशी गेले.

मी त्याला म्हटलं, केसपेपरवर वय चुकलंय, खिडकीवर जाऊन दुरुस्त करून आणा. वय चुकलेलं नव्हतं. खिडकीवर सोमवारची रांग होती, म्हणजे दहा मिनिटं नक्की.

तो गेला. ती काहीच बोलली नाही. मीही घाई केली नाही, दुसऱ्या मनगटाकडे वळले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘बाई, पाणी मिळेल?’ नर्सने माठातलं आणून दिलं. तिने ते उभ्या घोटात संपवलं. दुसरा ग्लास दिला. तो पिताना थांबली, पदर बाजूला केला आणि दंड माझ्याकडे वळवला. चार ठिपके. पलीकडे एक. मी केसपेपर नसल्यामुळे एका कोऱ्या कागदावर मापं लिहून घेतली.

दारात चपला वाजल्या तेव्हा ग्लास अर्धा होता. तिने तो टेबलावर ठेवला, पदर दंडावर ओढून घेतला आणि मी काही विचारलेलं नसताना म्हणाली, ‘न्हाणीतच घसरले.’